अंगाची बोली : कट्ट्यापासून समुद्राच्या तळापर्यंत

मालवणहून कसालच्या दिशेने निघालं की वाटेत कट्टा गाव लागतं. एक बाजारपेठ, वराडकर हायस्कूल, बॅ. नाथ पै सेवांगण, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना एसटीची वाट पाहत उभी असलेली माणसं. मराठीत बसून गप्पा छाटायच्या जागेलाही कट्टाच म्हणतात, आणि या गावात तो शब्द दोन्ही अर्थांनी रोज वापरात असतो. मात्र इथल्या निम्म्या गप्पांना आवाज नसतो. रस्त्याच्या अलीकडचा माणूस पलीकडच्याकडे बघून हनुवटी एकदा वर उडवतो. पलीकडचा खालचा ओठ पुढे काढून मनगट फिरवतो, पंजा उताणा करतो. अलीकडचा डोळे अर्धवट मिटून मान किंचित खाली घेतो आणि दुकानाच्या पायरीवर बसतो. हे शब्दांत मांडायचं तर असं : ‘‘काय रे, गाडी गेली?’’ ‘‘काय म्हायत, मी आत्ताच इलंय.’’ ‘‘बरां, थांबतंय मगे.’’ मधून दोन ट्रक आणि एक रिक्षा गेली, तरी या संवादातलं एक अक्षरही सांडलं नाही.

पुस्तकी मराठीत याला देहबोली म्हणतात. आमच्याकडे नुसत्या ‘खुणा’. आणखी एक प्रकार आहे, तो तोंडाने ‘च्यक्’ असा आवाज काढून मान मागे झटकण्याचा. तो इथे स्वच्छ नकार असतो. नवख्या पाहुण्याला वाटतं, यजमान हळहळतोय. यजमानाने फक्त साखर संपली एवढंच सांगितलेलं असतं.

अलीकडे देहबोली शिकवणारी पुस्तकं आणि शिबिरं पुष्कळ झाली आहेत, आणि ती परक्या देशातून आलेली नवी विद्या असावी असा त्यांचा थाट असतो. पण मराठी वाक्प्रचारांचा कोश उघडावा. कपाळाला हात लावणे, कानांवर हात ठेवणे, काखा वर करणे, नाक मुरडणे, डोळे वटारणे, तोंडात बोट घालणे, दातओठ खाणे, मान तुकवणे, हात झटकणे. शरीराच्या एकेका हालचालीला आपण मनाची एकेक अवस्था कायमची बांधून ठेवली आहे. त्यातला ‘काढता पाय घेणे’ हा तर मला शास्त्रीय निरीक्षण वाटतो. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली असं मांडलं की माणूस चेहऱ्यावर सर्वांत जास्त ताबा ठेवतो आणि पायांकडे त्याचं सर्वांत कमी लक्ष असतं, म्हणून लपवलेली गोष्ट पायांतून गळण्याचा संभव अधिक. ओटीवर बसलेला पाहुणा ‘‘छे छे, घाई कसली’’ म्हणतो, तेव्हा त्याची एक चप्पल आधीच पायात गेलेली असते. घरातली म्हातारी चप्पल बघते आणि चहाचं आधण उतरवते.

या विषयाचा पाया घालणाऱ्या ग्रंथात महाराष्ट्राचा एक छोटासा, पण फार बोलका उल्लेख आहे. चार्ल्स डार्विनचा भावनांच्या आविष्कारावरचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरची माणसं राग, भीती, आश्चर्य सारख्याच पद्धतीने दाखवतात का, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी १८६७ च्या सुमारास त्याने सोळा प्रश्नांची छापील यादी दूरदूरच्या मिशनरी, अधिकारी आणि निसर्गाभ्यासकांना पाठवली. शेवटचा प्रश्न होता, तिकडे होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलवतात का? हा प्रश्न कोकणात कुणी विचारला असता तर त्याला निदान पाच उत्तरं मिळाली असती. पण यादी पोचली ती घाटावर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या इंग्रजाकडे. त्याने तिथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले आणि कळवलं, की ठाम निष्कर्ष काढणं अवघड आहे, कारण युरोपीय माणूस समोर असला की ही माणसं सगळ्या भावना लपवतात, तशी त्यांना सवयच आहे. डार्विनने हे प्रांजळपणे ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवलं. अर्स्किनने कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडून आणि काही जाणत्या एतद्देशीयांकडूनही माहिती मिळवून दिली.

मला ही नोंद साऱ्या ग्रंथातली सर्वांत मोलाची वाटते. साहेबापुढे कोरा चेहरा ठेवणारा नगरचा शेतकरी संध्याकाळी पारावर बसून काय काय हावभाव करत असेल, ते अर्स्किनला कधीच दिसलं नाही. आपण समोर उभे आहोत, एवढ्यानेच आपल्याला दिसणारं चित्र बदलतं. सारा वसूल करणाऱ्याच्या वाट्याला कोरे चेहरेच येणार.

डार्विनच्या आधी दहा वर्षं, १८६२ मध्ये, दुशेन या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध केली होती. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू मनापासून हसल्याशिवाय सहसा आकसत नाही, असं त्याला आढळलं. अशा हसण्याला आजही त्याचंच नाव आहे. लग्नाच्या फोटोत शंभर माणसं दात दाखवतात. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या किती जणांच्या पडल्या ते मोजावं. वेळ बरा जातो.

चेहऱ्यांचा खरा जागतिक वाद पेटला तो विसाव्या शतकात. एकमन १९६७ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे लोकांकडे गेला, त्यांना छायाचित्रं दाखवली, आणि काही मूळ भावनांचे चेहरे सगळीकडे ओळखले जातात असं म्हणाला. १९७८ मध्ये त्याने आणि फ्रिझनने चेहऱ्याच्या प्रत्येक स्नायूची हालचाल नोंदवायची पद्धत तयार केली. ती अजून वापरात आहे. पण २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांचा मोठा आढावा घेतला, तेव्हा निघालं ते असं की रागावलेला माणूस दर वेळी कपाळाला आठ्या घालतोच असं नाही, आणि आठ्या घातलेला माणूस दर वेळी रागावलेला नसतो. उन्हात उभा असेल, चष्मा विसरला असेल, आकडेमोड करत असेल. हात छातीशी बांधलेला माणूस ‘मनाने बंद’ असतो, असं शिबिरांत छातीठोक सांगतात. पावसाळ्यात कट्ट्याच्या थांब्यावर भिजून उभा असलेला माणूस हात बांधतो तो थंडीने, आणि बाकीचे बांधतात ते हातांचं काय करावं हे न सुचल्यामुळे.

तरीही अंग बोलतं, आणि किती बारीक बोलतं याचा पुरावा एका घोड्याने दिला. बर्लिनचे निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा ‘हान्स’ बेरीज-वजाबाकी करी आणि उत्तराइतक्या टापा आपटे. १९०४ मध्ये त्याच्यासाठी एक समिती बसली, आणि तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट याने शांतपणे प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स नापास होई. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याची मान आणि खांदे केसभर ताणलेले असत. योग्य टाप पडली की ते ढिले पडत, डोकं जरासं वर होई. घोडा तेवढं बघून थांबे. धन्याला आपण खूण करतोय याचा पत्ताच नव्हता. फुंग्स्टला हे कळल्यावरही स्वतःची ती हालचाल पुरती आवरता येईना. गंमत पुढेच आहे. तो स्वतः घोडा झाला. लोकांना मनात एक आकडा धरायला सांगून तो बोटाने ठोके देई, आणि बहुतेकांचा आकडा बरोबर ओळखी.

आपल्याला हे ऐकून फार नवल वाटायला नको. गुबुगुबू वाजवत नंदीबैलवाला दारात येतो, ‘‘पाऊस पडेल का? सांग सांग’’ म्हणतो, आणि नंदी मान हलवतो. त्या बैलाला धन्याच्या हातातल्या दोरीचा, आवाजाच्या चढउताराचा, पायाच्या हालचालीचा अर्थ शिकवलेला असतो. बर्लिनच्या धन्याला आपली खूण माहीत नव्हती, नंदीबैलवाल्याला ती पुरती माहीत असते, एवढाच फरक. त्याचं आणखी एक कसब सहसा कुणी लक्षात घेत नाही. प्रश्न ऐकताना तो दारातल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत असतो. मुलगी सासरी सुखी आहे का, हे विचारताना तिचा हात पदराकडे गेला की नंदीने मान कशी हलवायची ते ठरतं.

या वाचनाचं नेहमीचं मैदान म्हणजे मासळीची पाटी. ‘‘काकी, बांगडे कशे?’’ ‘‘दोनशाक वाटो.’’ ‘‘म्हाग सांगतंस गो. ऱ्हवांदे.’’ गिऱ्हाईक वळतं, दोन पावलं टाकतं. काकी हाक मारत नाही. तिने पाहिलेलं असतं की वळण्याआधी नजर दोनदा त्या वाट्यावर गेली आणि पिशवी अजून उघडीच आहे. नजरेचं हे गणित प्रयोगशाळेतही सापडलं आहे. एकहार्ड हेस याने १९६० मध्ये दाखवलं, की आवडीची गोष्ट दिसली की डोळ्याची बाहुली विस्तारते, आणि ते आपल्या हातात नसतं. उलट बाजूने गिऱ्हाईक माशाची देहबोली वाचत असतं : कल्ले लाल आहेत का, डोळा फुगीर आहे की बसलेला, बोटाने दाबलं तर खळगा राहतो का. मासा खोटं बोलू शकत नाही. काकी बोलू शकते. म्हणून व्यवहारात काकीच जिंकते.

अंग इतकं बोलतं म्हटल्यावर ते झाकायच्या युक्त्याही निघणारच. देवगड-मालवणचा हापूस पेट्यांत भरून मुंबईला जाई, क्रॉफर्ड मार्केटात, पुढे वाशीच्या बाजार समितीत. तिथे आंब्याचा भाव रुमालाखाली ठरवायची जुनी रीत. दलाल आणि खरेदीदार हस्तांदोलन करावं तसे हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. तो एक म्हणजे शंभर की हजार, हे दोघांनाही माल बघूनच कळलेलं असतं. भोवती दहा व्यापारी उभे असतात आणि एकालाही दुसऱ्याची बोली समजत नाही. घाटावरच्या बैलबाजारातही रुमालाखालचा सौदा असाच होई. ही पद्धत किती जुनी असावी? इटालियन प्रवासी लुदोविको दी वार्थेमा याचं प्रवासवर्णन १५१० मध्ये छापलं गेलं, त्यात कालिकतचे दलाल कापडाखाली बोटांना स्पर्श करून भाव ठरवतात असं वर्णन आहे. म्हणजे पाचशे वर्षं तरी झालीच.

यातलं खरं कौशल्य रुमालाच्या वर असतं. खाली बोटं हजारांची घासाघीस करत असताना तोंडाने ‘‘यंदा मोहर जळला हो’’ चाललेलं असतं आणि चेहरा दगडासारखा ठेवावा लागतो. भुवई जरा वर गेली, तर रुमाल असून नसून सारखाच. देहबोली ‘वापरणे’ म्हणजे काय ते मला इथे सर्वांत नीट दिसतं : हात एक सांगतो, तोंड दुसरं, आणि चेहऱ्याला गप्प बसवलेलं असतं.

मग खोटं बोलणारा ओळखता येतो का? शिबिरांना गर्दी होते ती याच आशेने. नाक खाजवलं, नजर चुकवली, म्हणजे खोटं, असे नियम सांगितले जातात. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी २००६ मध्ये अशा शेकडो अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. २४,००० हून अधिक माणसांनी अनोळखी लोकांचं खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० मिळाले असते. दुसरा एक लाडका आकडाही इथेच निकालात काढू : संवादाचे फक्त ७ टक्के शब्दांत, ३८ टक्के आवाजात आणि ५५ टक्के चेहऱ्यात असतात, असं भिंतीवर लावलेलं असतं. आल्बर्ट मेहराबियनने १९६७ मध्ये जे तपासलं होतं ते एवढंच, की एकेक शब्द, तो उच्चारायचा सूर आणि चेहरा परस्परविरुद्ध असले तर आवड-नावड समजायला लोक कशावर भरवसा ठेवतात. शब्द खरंच सात टक्के असते, तर तेलुगू चित्रपट आपल्याला ९३ टक्के कळला असता.

खरं-खोटं ओळखण्याचे ते अभ्यास आठवले, की कट्ट्यावरच्या माणसाचं कसब कशात आहे ते ध्यानात येतं. त्या ५४ टक्केवाल्यांपुढे अनोळखी चेहरे होते. आमच्याकडे किराणा दुकानदाराला ठाऊक असतं की अमुक काका एरवी पायरी चढतानाच मोठ्याने बोलायला लागतात. आज ते गप्प येऊन उभे राहिले तर दुकानदार पुडी बांधता बांधता विचारतो, ‘‘काय, बरां नाय?’’ गप्प राहण्याला स्वतःचा असा काही अर्थ नव्हता. एरवीच्या माणसात आणि आजच्या माणसात जे अंतर पडलं, ते दुकानदाराने वाचलं. एकच हावभाव बघून कोशात त्याचा अर्थ शोधणाऱ्याच्या हाताला हे लागत नाही. त्याला आधी तो माणूस महिनोन्‌महिने बघावा लागेल.

याला दवाखाना थोडासा अपवाद. तिथे काही खुणा अनोळखी माणसाच्याही विश्वासार्ह मानून वैद्यक चालतं. छातीत दुखतंय असं न सांगताच माणूस मूठ आवळून छातीच्या मधोमध धरतो, तेव्हा हृदयविकाराची शंका घ्यावी. सॅम्युएल लिव्हाइन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाने ही खूण ओळखली जाते. आमची जुनी माणसं ‘‘जरा जळजळता’’ म्हणून आल्याचा रस मागतात. त्या वेळी शब्द सोडून मुठीकडे बघावं आणि गाडी काढावी. मूठ न आवळताही झटका येतो, हेही तितकंच खरं. बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी १९९७ पासून एक मोजपट्टी आहे : चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि उचलून घेतल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, मिळून दहा. परिचारिका बाळाचं दुखणं आकड्यात लिहिते. पोटाशी दुमडलेले पाय बघून आजीने ‘‘पोटात दुखता हेच्या’’ म्हणणं हा त्याच परीक्षेतला एक प्रश्न.

आता समुद्राकडे जाऊ, कारण इथे खूण चुकली तर फक्त गैरसमज होऊन भागत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीत पर्यटक स्कूबा करायला येतात. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणाची संस्थाही आहे. पाण्याखाली तोंडात नळी असते, बोलणं शून्य, म्हणून सगळा कारभार हातांवर. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला म्हणजे ‘सगळं ठीक’, आणि हा प्रश्नही असतो आणि उत्तरही. पंजा आडवा धरून डगडग हलवला म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’. हात गळ्यावरून आडवा फिरवला म्हणजे ‘हवा संपली’. आणि अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. नवख्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. प्रवाळ आणि रंगीत मासे बघून पाहुणा हरखतो, आयुष्यभराच्या सवयीने अंगठा दाखवून ‘मस्त!’ म्हणतो, आणि प्रशिक्षक त्याला इमानदारीने पृष्ठभागाकडे घेऊन निघतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी काठावर या खुणांची उजळणी करून घेतात. ती लक्ष देऊन करावी. मोबाइल तेवढा वेळ खाली ठेवावा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वाळूवर उभं राहून बघणाऱ्यांसाठी. बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ ओरडतो, हे आपल्याला सिनेमाने शिकवलं. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया याने प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचं आणि त्यांच्या सुटकेचं चित्रीकरण केलं, आणि वेगळंच दिसलं. बुडणारा माणूस पाण्यात उभा असतो, पाय मारत नाही. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीवर, कधी वर, कधी खाली. हात वर येत नाहीत. तोंड वर यावं म्हणून ते दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत असतात. ओरडायला श्वास लागतो, आणि मिळालेला श्वास आत घेण्यातच संपतो. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं आणि जवळजवळ निःशब्द असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, शिडी चढतोय की काय, नाहीतर नुसता उभा राहून आभाळाकडे बघतोय. जो ओरडतो आणि हात करतो, त्यालाही मदत हवीच असते, पण त्याच्यात अजून बळ आहे. गप्प झालेल्याला वेळ उरलेला नसतो. शंका आली तर हाक मारून विचारावं. उत्तर आलं नाही तर जीवरक्षकाला ओरडून बोलवावं, दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं, आणि पोहता येत असलं तरी आंधळेपणाने उडी घेऊ नये, कारण बुडणारा जे हाताला लागेल ते खाली दाबतो. पाण्यात मुलं खिदळत असतात तोवर आयांना घोर नसतो. मुलं एकाएकी गप्प झाली की मान वळवावी.

स्वतःचं अंग कसं वापरावं, याबद्दल एक घाईचा सल्ला मध्यंतरी फार गाजला. मुलाखतीआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहा, शरीरातली संप्रेरकं बदलतील, असं २०१० च्या एका प्रयोगावरून सांगितलं गेलं. २०१५ मध्ये २०० माणसांवर तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा संप्रेरकं जागची हलली नाहीत, आणि मूळ प्रयोग करणाऱ्या तिघांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर करून टाकलं. दोन मिनिटांत अंग बदलत नाही. ते बदलायला किती वेळ लागतो, हे बघायचं असेल तर थंडीच्या दिवसांत आमच्याकडच्या जत्रेला यावं.

कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात. पालखी देवळाभोवती फिरते, आणि मध्यरात्र कलली की दशावतार उभा राहतो. रंगमंचावर मागे एक पडदा, एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. लिखित संहिता नाही. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, बाकी संवाद जिथल्या तिथे सुचतात. तेव्हा सहकलाकार पुढे काय बोलणार हे कळायचा मार्ग एकच : त्याच्याकडे बघत राहणं. राजा बाकड्यावरून अर्धा उठला, की प्रधान समजतो याचं बोलणं संपत आलं. पाय जोरात आपटला की पखवाज चढतो. गाणं सुरू करायचं असेल तर पेटीकडे एक कटाक्ष पुरतो, आणि प्रेक्षकाला तो पात्राच्या अभिनयाचाच भाग वाटतो. कट्ट्याच्या रस्त्यावर हनुवटी उडवणाऱ्यांचेच हे सख्खे भाऊ.

भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाची जी मोजदाद आहे, ती वाचून आजही माणूस थक्क होतो. मस्तकाच्या १३ हालचाली, ३६ प्रकारच्या दृष्टी, भुवयांच्या ७, नाकाच्या, गालांच्या आणि खालच्या ओठाच्या प्रत्येकी ६, हनुवटीच्या ७, मानेच्या ९, एका हाताच्या २४ मुद्रा. दशावतारी नट यातलं काही पाठ करून उभा राहत नाही. तो लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत ते बघतो, मोठा झाला की पेटारा उचलणाऱ्यांच्या मागे हिंडतो, मग कधीतरी कोणी आजारी पडतं आणि त्याला उभं करतात.

यातली सर्वांत अवघड कामगिरी स्त्रीपार्टीची. या रंगभूमीवर बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारखे स्त्रीपार्टी नट बघितले की लक्षात येतं, सगळा भार साडी-दागिन्यांवर नसतोच. भार असतो तो पावलाच्या लांबीवर, कोपर अंगाजवळ किती धरला यावर, मान वळायच्या आधी नजर वळली की नंतर यावर. अमेरिकेत रे बर्डव्हिसल या मानववंशशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये देहबोलीच्या अभ्यासाची पहिली मांडणी केली. त्याचं एक म्हणणं असं होतं, की बाई किंवा पुरुष म्हणून चालणं-बसणं पुष्कळसं शिकलेलं असतं. वेंगुर्ल्या-कुडाळकडच्या स्त्रीपार्टीने ते पहाटेपर्यंत सिद्ध करून दाखवलेलं असतं. पुढच्या रांगेत बसलेल्या बायका त्याच्या द्रौपदीकडे बघून डोळे टिपतात. तिच्या चालण्यात त्यांना काही खोट सापडत नाही, आणि त्या नजरेपेक्षा कडक परीक्षक जगात नाही.

झुंजूमुंजू होतं. दहीकाला फुटतो, लोक चपला शोधत उठतात. देवळाच्या मागच्या बाजूला द्रौपदी गंगावन काढून ठेवते, तोंडाचा रंग खोबरेल तेलाने पुसते आणि बाकावर पाय फाकून बसते. हातात काचेचा चहाचा ग्लास, बोलणं पुरुषी आवाजातलं, उद्याच्या गाडीचं आणि नाईटच्या पैशांचं. तेवढ्यात एक म्हातारी बाजूने जाते. तिला वाट द्यायला तो पाय आत घेतो, गुडघे जुळवतो, आणि त्याचा डावा हात खांद्यावरून केव्हाच उतरलेला पदर सारखा करायला आपसूक वर जातो.